अंडी लवकर फुटली म्हणजे बीज चांगलं का? पाण्याचं तापमान आणि माशांची पिल्लं

मामातलाव

मृग लागूनही पाऊस लांबला की आमच्याकडच्या मत्स्यबीज केंद्रांवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पाणी गरम आहे, जिरं लवकर निघालं." जिरं म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली माशांची पिल्लं. बोलणाऱ्याच्या आवाजात समाधान असतं. हौद लवकर मोकळा झाला, पुढची खेप लवकर टाकता येईल, हे त्यामागचं गणित. ते गणित केंद्रापुरतं बरोबर आहे. पण हे जिरं ज्या तलावात जाणार तिथल्या ढिवर बांधवांच्या संस्थेला किंवा शेततळेवाल्याला ते महागात पडतं, असं माझं ठाम मत आहे. मी भंडारा-गोंदियाच्या बाजूला रोहू, कटला, मृगळाच्या हॅचरीवर काम करते. या विषयावर मराठीत सलग लिहिलेलं फारसं दिसत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. हे तिन्ही मासे मूळचे वाहत्या नदीचे. बंद तळ्यात ते मोठे होतात, अंड्यांवर येतात, पण आपणहून अंडी सोडत नाहीत. त्यामुळे एकेकाळी सगळं बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी डॉ. अलिकुन्ही यांच्यासोबत पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन भारतीय कार्पचं, म्हणजे रोहू-कटला-मृगळाच्या गटातल्या माशांचं, प्रजनन घडवलं. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. आज ग्रंथीच्या अर्काऐवजी बहुतेक ठिकाणी तयार संप्रेरक वापरतात. संध्याकाळी इंजेक्शन दिलं की काही तासांत मादी अंडी सोडते, नर त्यावर मिल्ट, म्हणजे आपलं वीर्य, सोडतो. अंडी पाणी शोषून फुगतात आणि मग ती गोल उबवण हौदात जातात. तिथे तळातल्या बदकतोंडी नळ्यांमधून तिरकं पाणी येत राहतं आणि अंडी सतत गोल फिरत राहतात.

इथून पुढचं घड्याळ पाण्याच्या हातात. पाणी २७-२८ अंश सेल्सिअस असेल तर रोहूचं अंडं साधारण १६ ते १८ तासांत फुटतं. ३०-३१ अंशांना १४-१५ तासांतच. २४ च्या खाली गेलं की तास वाढत जातात आणि वाया जाणारी अंडीही वाढतात. मासा थंड रक्ताचा, त्याचं अंडंही तसंच. त्याला स्वतःची ऊब नाही, त्यामुळे आतली प्रत्येक रासायनिक क्रिया बाहेरच्या पाण्याच्या वेगाने चालते.

पण सगळ्या क्रिया सारख्याच पटीने वाढत नाहीत, आणि अडचण इथेच आहे. अंडं फुटणं म्हणजे पिल्लू पूर्ण तयार झाल्याची खूण, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गर्भाच्या डोक्याजवळच्या बारीक ग्रंथींतून एक विकर (एन्झाइम) सुटतं, ते कवचाला आतून विरघळवतं आणि गर्भाच्या हालचालीने पातळ झालेलं कवच फाटतं. गरम पाण्यात हे विकर लवकर सुटतं, जोरात काम करतं आणि गर्भ वळवळतोही जास्त. म्हणजे घडण पुरती व्हायच्या आधीच दार उघडतं. अशी पिल्लं लांबीला कमी भरतात. त्यातच बलक हा त्यांचा सगळा शिधा. गरम पाण्यात त्यातला मोठा वाटा नुसतं जगण्यात खर्च होतो आणि शरीर बांधायला कमी उरतो.

दुसरी बाजू प्राणवायूची. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, ३५ ला सातच्या जरा खाली. उलट अंड्याची गरज तापमानाबरोबर वाढत जाते, दहा अंशांना ढोबळमानाने दुपटीच्या पुढे. अंड्याला कल्ले नाहीत. कवचातून झिरपेल तेवढाच प्राणवायू त्याला मिळतो. म्हणून हौदातलं पाणी फिरतं ठेवणं हा उबवणीचा प्राण आहे. लाइट गेली, पंप बंद पडला आणि पाणी २८ ला असेल, तर धावपळ करायला थोडा वेळ मिळतो. ३३ ला असेल तर मिळत नाही.

३३ च्या वर रोहूमध्ये वाकड्या कण्याची, हृदयाभोवती पाणी साचलेली पिल्लं ठळक दिसायला लागतात. काचेच्या वाटीत घेऊन उजेडाकडे धरलं की साध्या डोळ्यांनाही कळतं: चांगलं पिल्लू सरळ झेप घेऊन वर येतं आणि मग खाली घसरतं, वाकडं पिल्लू एका जागी गोल फिरत राहतं. विकत घेणाऱ्यानेही ही वाटी मागून घ्यावी असं मी सगळ्यांना सांगते.

आमच्याकडे मे-जूनमध्ये हवा ४५ च्या आसपास जाते. बोअरचं पाणी मात्र वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला असतं. सगळा घोळ होतो तो वरच्या टाकीत. गच्चीवरच्या उघड्या टाकीत दुपारभर तापलेलं पाणी रात्री उबवण हौदात येतं आणि हौदाशेजारी उभा असलेला माणूस हवा गार झाली म्हणून निश्चिंत असतो. टाकीवर सावली करणं, पाणी शक्यतो रात्री भरणं आणि तापमापी हौदात न टांगता नळ्यांच्या तोंडाशी धरणं, एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

आपापले अनुभव लिहा. प्रश्नही विचारा.


रानजाई

खूप छान लिहिलंय. वाचतेय.


शेततळे_सांगोला

ताई, माहिती चांगली आहे. माझा प्रश्न सरळ आहे. आमच्याकडे डाळिंबाच्या बागेला शेततळं आहे, प्लॅस्टिकचा कागद टाकलेलं. दरवर्षी जिरं आणून हाप्यात, म्हणजे पाण्यात टांगलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, वाढवतो आणि मग तळ्यात सोडतो. मागच्या पावसाळ्यात एका बीज केंद्रातून जिरं आणलं. पिशवीत एकदम चपळ होतं. सोडल्यावर पहिल्या दिवशी ठीक, तिसऱ्या दिवशी हाप्यात काही शिल्लकच नाही. केंद्रवाले म्हणाले, तुमचं पाणी खराब. मी पाणी तपासून घेतलं, सामू वगैरे ठीक निघाला. यात तापमानाचा काही संबंध असेल का?

आणि एक सांगतो, हॅचरीवाल्याला दोष देणं सोपं आहे. त्यालाही वीज, मजूर, डिझेल आहे. लवकर निघालं तर तो थांबवणार कसं?


मामातलाव

@शेततळे_सांगोला, दादा, संबंध असण्याची दाट शक्यता आहे. तिसरा दिवस म्हणालात, तिथेच कान टवकारले.

२८-३० अंशांना कार्पच्या पिल्लाचा बलक साधारण ७२ तास पुरतो. तोवर तोंड उघडतं, डोळे काळे होतात, वाताशयात हवा भरते आणि ते बाहेरचं खाऊ लागतं. म्हणून केंद्रं चौथ्या दिवशी जिरं विकतात. पाणी ३२-३३ असेल तर हा बलक त्याआधीच संपत येतो. पण विक्रीचा दिवस कॅलेंडरनेच ठरलेला असतो. म्हणजे तुमच्या पिशवीत आलेलं जिरं आधीच उपाशी असू शकतं. उपाशी पिल्लू काही तास चपळच दिसतं, पण खाणं मिळायला उशीर झाला की एक टप्पा असा येतो की पुढ्यात खाणं आलं तरी त्याला गिळायचं बळ राहत नाही. आणि हा टप्पा गरम पाण्यात फार लवकर येतो.

आता तुमची बाजू. कागद घातलेल्या तळ्याला माती लागत नाही, त्यामुळे प्राणी प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जे या पिल्लांचं पहिलं खाणं, आपोआप फारसं तयार होत नाही. त्यात हापा वरच्या थरात टांगलेला. काळा कागद आणि उघडं पाणी असताना वरचा हातभर थर दुपारी ३४-३५ ला जाणं अवघड नाही. म्हणजे उपाशी पिल्लू, खाणं नाही आणि शरीराचा खर्च दुप्पट. तीन दिवस टिकलं हेच जास्त.

उपाय: जिरं यायच्या चार-पाच दिवस आधी एका बाजूला शेण आणि शेंगदाणा पेंड भिजवून घाला. बारीक कापडातून पाणी गाळून वाटीत बघितलं तर पांढुरके ठिपके हलताना दिसले पाहिजेत. ते दिसल्याशिवाय गाडी बोलावू नका. हाप्यावर हिरवी शेडनेट टाका. पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं पिशवीत घेत जा आणि तोंड तिरकं करून पिल्लांना आपणहून बाहेर येऊ द्या. शक्यतो पहाटे.

हॅचरीवाल्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. पण थांबवता येतं. टाकीवर सावली करायला फार पैसे लागत नाहीत.


काचेतले_मासे

पुण्यातून. आमच्या छंदात हे रोजचं आहे, पण 'विकर आधी सुटतं' हा भाग माहीत नव्हता. धन्यवाद.

गोल्डफिशची अंडी २४ अंशांना तीन-चार दिवसांत फुटतात, १८-२० ला ठेवली तर सहा-सात दिवस लागतात. हिवाळ्यात हीटर लावून घाई करणारे आणि न लावता वाट बघणारे, दोन्ही मित्रमंडळी आहेत. वाट बघणाऱ्यांकडे अंड्यांवर बुरशी जास्त चढते, कारण थंड पाण्यात अंडी जास्त दिवस पडून राहतात आणि मेलेल्या अंड्यावरची बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यावर पसरते. त्यामुळे 'थंड तेवढं चांगलं' असंही म्हणता येत नाही, बरोबर ना?

एंजल फिशमध्ये मला फार आवडणारी गोष्ट: २७-२८ अंशांना दोन-अडीच दिवसांत अंडं फुटतं, पण पिल्लू पोहत नाही. डोक्यावरच्या चिकट ग्रंथींनी पानाला चिकटून शेपटी हलवत राहतं. आईबाप पडलेल्या पिल्लाला तोंडात धरून परत पानावर चिकटवतात. हा काळही तापमानावर मागेपुढे होतो. हीटरचा थर्मोस्टॅट चिकटून पाणी वर गेलं की पिल्लं पान सोडून तळाशी जमा व्हायला लागतात.


मामातलाव

@काचेतले_मासे, बरोबर. प्रत्येक जातीची एक मधली पट्टी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना नुकसान आहे, कारणं वेगळी. थंडीत बुरशी आणि रखडलेली वाढ, उष्णतेत अर्धवट घडण आणि प्राणवायूची टंचाई. मेलेलं अंडं पांढरं अपारदर्शक होतं, जिवंत अंडं काचेसारखं आरपार दिसतं. पांढरी अंडी वेळच्या वेळी काढत राहणं हाच बुरशीवरचा पहिला उपाय. पूर्वी बुरशीवर मॅलाकाइट ग्रीन हे रसायन सर्रास वापरायचे. खाण्याच्या माशांसाठी ते वर्ज्य आहे, कुणी सुचवलं तरी वापरू नका.


वलगणकर

मी पेणचा, आता निवृत्त. शास्त्र मला येत नाही, पण लहानपणापासून पाहिलेलं सांगतो.

पहिला मोठा पाऊस पडून ओढे फुगले की मासे प्रवाहाच्या उलट चढतात. आम्ही त्याला वलगण म्हणतो, रत्नागिरीकडे चढणीचे मासे म्हणतात. पोटं अंड्यांनी गच्च भरलेली. भाताच्या खाचरात गुडघाभर पाण्यात येऊन अंडी टाकतात. आजोबा सांगायचे की दोन-चार सरी पडून पाणी 'उतरलं' पाहिजे. नुसत्या वळवाच्या पावसाने मासा चढत नाही. जमीन तापलेली असते, पाणी कोमट राहतं. ढग दाटून दोन दिवस सूर्य दिसला नाही की मग रात्री आवाज यायचा खाचरातून.

मामातलाव म्हणतात त्यावरून वाटतं, तो 'उतार' म्हणजे हाच मधला पट्टा असणार. आता खाचरं कमी झाली, ओढ्यांना बांध घातले, आणि उरलेल्या वाटेवर जाळी लावून अंड्यांसकट मासा धरतात. मीही वलगण खाल्लेली आहे, चव विसरता येत नाही. पण अंडी टाकून परत फिरणारा मासा धरावा, चढणारा सोडावा, एवढं तरी गावागावांत ठरायला हवं असं मनापासून वाटतं.


मामातलाव

काका, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. तुमच्या आजोबांचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. पुराचं ताजं पाणी, त्यातले कमी झालेले क्षार, प्रवाह, ढगाळ हवा आणि काही अंशांनी उतरलेलं तापमान, हे सगळं एकत्र आलं की नदीतला कार्प अंडी सोडतो. बंगालमध्ये बांकुरा-मेदिनीपूरकडे 'बांध' पद्धतीत हेच घडवून आणत. कोरड्या उथळ बांधात पावसाचं पाणी भरू द्यायचं, त्यात जोड्या सोडायच्या. आम्ही हॅचरीत कारंजी लावून वरून पाणी शिंपडतो ती त्याचीच नक्कल.

खाचराबद्दल एक भीती मात्र आहे. पाणी उथळ असल्यामुळे चार दिवस उघडीप पडली की ते झरझर तापतं. पाऊस सलग असेल तर अंडी तरतात. हल्ली जूनमध्ये एक जोरदार सर आणि मग दोन आठवडे ऊन, असं जे होतं, त्यात चढून आलेल्या माशांची अंडी खाचरातच जात असणार.


पेशी_आणि_पाणी

मी झेब्राफिशवर काम करते. आपल्या भारतीय उपखंडातलाच, ओढ्या-खाचरांतला बोटभरही नसलेला पट्टेरी मासा. आज जगभरच्या प्रयोगशाळांत गर्भाच्या वाढीचा अभ्यास याच्यावर चालतो, कारण अंडं आरपार दिसतं आणि एका दिवसात हृदय धडधडायला लागतं.

आमच्याकडे २८.५ अंश हे प्रमाण तापमान. गर्भाच्या प्रत्येक अवस्थेचं वय या तापमानाच्या तासांत सांगतात. वेगळ्या तापमानासाठी एक सोपं सूत्र आहे: प्रमाण तासांना (०.०५५ × तापमान − ०.५७) ने भागायचं. २५ अंशांना ठेवलं तर २४ तासांची अवस्था यायला सुमारे ३० तास लागतात, ३३ अंशांना १९ तासांच्या थोडं वर. हे सूत्र २५ ते ३३ या पट्ट्यातच लावायचं, त्याच्या बाहेर गर्भ नीट वाढतच नाही. सूत्र मागे नेलं तर साधारण १०.४ अंशांना वाढ शून्य येते, पण तो कागदावरचा शून्य. त्याच्या कितीतरी वरच गर्भ मरतो.

अजून एक, जे अंडं फुटण्याच्या कितीतरी आधी ठरतं. गर्भ स्वल्पविरामासारखा वाकलेला असताना पाठीच्या बाजूला एकामागून एक खंड पडत जातात. पुढे त्यांचेच मणके आणि स्नायू होतात. खंड पाडणाऱ्या घड्याळाचा वेग आणि गर्भ लांब होण्याचा वेग, दोन्हींवर तापमानाचा परिणाम होतो, पण सारखा नाही. त्यामुळे त्या थोड्या तासांतलं तापमान मणक्यांची संख्यासुद्धा बदलू शकतं. थंड पाण्यातल्या माशांना मणके जास्त असतात हे अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं. मामातलाव यांनी वाकड्या कण्याची पिल्लं लिहिली आहेत, त्यांचं मूळ बहुधा याच तासांत असतं. म्हणून सरासरी तापमानापेक्षा कोणत्या तासाला उसळी आली हे बघायला हवं. रात्रभर २८ आणि मध्येच दोन तास ३५, याची सरासरी छान दिसते, पण कणा तोपर्यंत बिघडलेला असतो.


शिरगावचा_विद्यार्थी

+१. मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, नंतर प्रशिक्षणासाठी कुल्लूजवळच्या पतलीकुहलच्या ट्राउट फार्मवर जायला मिळालं. तिथलं चित्र पूर्ण उलटं. ट्राउट हिवाळ्यात अंड्यांवर येतो. आपल्याकडे रोहूच्या अंड्याचा हिशोब तासांत, तिथे आठवड्यांत.

रेनबो ट्राउटचं अंडं १० अंशांना सुमारे ३१ दिवसांनी फुटतं. साडेचार अंशांच्या आसपास ८० दिवस, साडेपंधरा अंशांना १९ दिवस. तिथले लोक 'अंश-दिवस' मोजतात: रोजचं सरासरी तापमान बेरजेत टाकत जायचं, ३०० च्या पुढे बेरीज गेली की ट्रे तयार ठेवायचे. हे उपयोगी आहे, पण वरचेच आकडे गुणून बघा. १० × ३१ म्हणजे ३१०, साडेचार × ८० म्हणजे ३६०, साडेपंधरा × १९ म्हणजे २९५ च्या आसपास. बेरीज स्थिर राहत नाही. म्हणून रोहूला असा एकच आकडा लावायला जाऊ नये, असं माझं मत.

ट्राउटच्या अंड्यात मध्यावर कधीतरी दोन काळे ठिपके दिसू लागतात, ते डोळे. ते दिसेपर्यंत ट्रेला धक्कासुद्धा लावत नाहीत, कारण त्या काळात गर्भ हलण्याने मरतो. डोळे उमटल्यावर मात्र तीच अंडी ओल्या कापडात, बर्फाच्या गारव्यात बांधून लांब पाठवता येतात. १९०० साली ब्रिटनमधून ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरला जिवंत पोहोचली ती या गारव्याच्या जोरावर. त्याच्या आदल्या वर्षी पाठवलेली खेप वाटेतच गेली होती.


इंद्रायणीकाठ

महसीरचा, म्हणजे आपल्या खडशीचा उल्लेख झाला नाही म्हणून लिहितो. लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून महसीरचं बीज तयार करायला घेतलं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांचं त्यातलं काम देशभर वाखाणलं गेलं. इथून महसीरची पिल्लं दूरदूरच्या राज्यांत गेली आहेत.

महसीरची अंडी कार्पसारखी फुगून तरंगत नाहीत. ती जड, पिवळसर, बलकाने भरलेली आणि संख्येने कमी. घाटमाथ्यावरच्या गार पाण्यात फुटायला तीन दिवसांच्या आसपास लागतात. आणि पिल्लं बाहेर आली तरी अनेक दिवस पोहत नाहीत. उजेड टाळून ट्रेच्या कोपऱ्यात एकमेकांत डोकी खुपसून घोळका करतात, बाहेरून फक्त थरथरणाऱ्या शेपट्या दिसतात. नदीत हीच पिल्लं दगडगोट्यांच्या फटीत अशी लपत असणार. या काळात वाहतं, गार आणि प्राणवायूने भरलेलं पाणी नसेल तर घोळक्याच्या मधली पिल्लं आधी गुदमरतात. ज्या ओढ्यांतून वाळू-गोटे उपसले गेले आणि काठची झाडी गेली, तिथलं पाणी उघड्यावर तापतं आणि लपायला फटही राहत नाही. मावळातल्या नद्यांत महसीर का दिसत नाही, असं लोक विचारतात तेव्हा मासेमारीइतकंच हेही सांगायला हवं.


सॅक्रामेंटोकर

कॅलिफोर्नियातून लिहितोय. इथे हाच प्रश्न धरणाच्या दारावर येऊन ठेपला आहे.

सॅक्रामेंटो नदीत चिनूक सामनची एक जात भर उन्हाळ्यात अंडी घालते. पूर्वी ती मॅक्लाउड नदीसारख्या झऱ्यांच्या गार पाण्यात वर चढून जायची. १९४५ साली शास्ता धरण पूर्ण झालं आणि वाट बंद झाली. आता ती धरणाखालच्या तापणाऱ्या खोऱ्यातच अंडी घालते. ती जगतात एकाच कारणाने: धरणाच्या तळाचं गार पाणी खाली सोडलं जातं. त्यासाठी १९९७ मध्ये धरणाला वेगवेगळ्या खोलीवरून पाणी उचलणारी खास यंत्रणा बसवली. पाणी १३.३ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, असं उद्दिष्ट धरत. २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात तळाचं गार पाणी हंगाम संपायच्या आधीच संपलं आणि शंभर अंड्यांतून जेमतेम पाचांची पिल्लं निघाली.

नंतरच्या अभ्यासातून जे कळलं ते मामातलाव यांच्या मुद्द्याशी तंतोतंत जुळतं. प्रयोगशाळेत हीच अंडी जास्त उष्णता सहन करत होती. नदीत मात्र कमी तापमानालाच मरत होती. कारण गोट्यांच्या थरातून पाणी फार हळू झिरपतं, प्राणवायू अंड्यापर्यंत पुरेसा पोहोचत नाही. म्हणजे किती अंश सोसतील हे पाण्याच्या वेगावरही ठरतं.


शेततळे_सांगोला

हे वाचून एक विचारतो. गिफ्ट तिलापियाबद्दल (तिलापिया माशाचं सुधारित वाण) कुणीतरी सांगितलं होतं की पिल्लं गरम पाण्यात वाढवली की सगळे नर होतात. खरं आहे का? नर लवकर वाढतो म्हणून विचारतोय.


पेशी_आणि_पाणी

@शेततळे_सांगोला, काही अंशी खरं. तिलापियात लिंग मुख्यतः गुणसूत्रांवर ठरतं, पण खाणं सुरू होण्याच्या सुमाराच्या पहिल्या काही दिवसांत पाणी ३४-३६ अंशांना ठेवलं तर नरांचं प्रमाण वाढतं. सगळे नर होतीलच असं नाही, ते कुळाकुळावर बदलतं. आणि त्या तापमानाला मरही होते. झेब्राफिशमध्येही उष्णतेने नर वाढतात. शेततळ्यात हा प्रयोग करू नका. मला यात काळजी वेगळीच वाटते: नदी-तलावातलं पाणी सरासरीने चढत गेलं तर ज्या जातींत असं होतं तिथे माद्याच कमी होतील.


मामातलाव

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सामनच्या उदाहरणासाठी. प्रवाह आणि तापमान यांचा हिशोब एकत्र मांडायचा, हे मी आमच्या हॅचरीवर रोज सांगत असते. आता दाखवायला मोठं उदाहरण मिळालं.

पश्चिम बंगालच्या हॅचऱ्यांत कार्पचं प्रजनन पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर सुरू व्हायचं, आता ते मार्चपासूनच सुरू होतं, असं केंद्रीय अंतःस्थलीय मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे. हिवाळा-वसंतात पाणी चढतं, तशी मादी आधी तयार होते. आपल्याकडेही मे महिन्यात मादी तयार दिसली की इंजेक्शन देण्याचा मोह होतो. मादी तयार असली तरी अंड्याला लागणारं पाणी मेमध्ये तयार नसतं. सावली, बोअरचं पाणी आणि पुरेसा प्रवाह यांची व्यवस्था नसेल त्याने पावसाची वाट बघावी. बोअरचं पाणी वापरताना ते थेट हौदात सोडू नका. त्यात प्राणवायू फार कमी असतो. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या दोन-तीन ताटांवरून पडू द्या, मग घ्या.

@शेततळे_सांगोला, दादा, यंदा जिरं घेताना केंद्रावर तीन गोष्टी विचारा: अंडी कोणत्या रात्री आणि किती वाजता पडली, उबवण हौदाचं दुपारचं आणि पहाटेचं तापमान किती होतं, आणि पिल्लांच्या पोटाखाली बलक अजून दिसतो का. तापमानाची वही नसेल तर वाटीत जिरं मागा. बलकाचा पिवळसर फुगवटा थोडा शिल्लक असलेलं जिरं घ्या. पोट पूर्ण सपाट आणि आतडं रिकामं दिसलं तर ती खेप सोडून द्या.


शेततळे_सांगोला

ठीक ताई. शेडनेट घरी आहेच, बागेची उरलेली. पेंड पुढच्या आठवड्यात भिजवतो, प्लवंग दिसले की मगच केंद्रात फोन करतो. वहीचं विचारतो आणि काय सांगतात ते इथेच लिहितो. हापा किती खोल सोडू?


मामातलाव

हाप्याचा तळ कागदाला टेकू देऊ नका, काठापासून लांब, मध्याकडे बांधा. पाण्यात मीटरभर तरी खोली मिळाली पाहिजे, म्हणजे दुपारी पिल्लांना खाली उतरायला जागा राहील. दुपारी तीनच्या सुमारास हाप्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला तापमान बघा. खालचं ३१ च्या आत असेल तर चिंता नाही.